थोरलीचा शेवटचा भाग

त्या दिवशी आम्ही सात-आठ बायका गिरणीमागच्या खळ्यावर मका सोलत बसलो होतो आणि तावातावानं भांडत होतो. भांडण एका नवऱ्यावरून होतं, आणि तो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. टीव्हीतल्या थोरलीचा होता.

साडेतीन वर्षं आम्ही ती मालिका बघत होतो. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सात. तिला चांगलं लांबलचक नाव होतं, पण गावात नुसतं 'थोरली' म्हटलं की भागायचं. मोठ्या घरातली थोरली सून. लग्नाला वर्ष झालं न झालं तोच नवरा बोटीवर नोकरीला गेला आणि बोट बुडाली. सासू म्हणाली गेला, दीर म्हणाला गेला, ही एकटी म्हणत राहिली, येईल. आणि गेल्या वर्षी तो आला. दाढी वाढलेली, अंग रोडावलेलं, मागचं काही आठवत नाही म्हणणारा. तेव्हापासून थोरलीला झोप नव्हती आणि आम्हालाही नव्हती. हा खरा नवरा, का दिरानं इस्टेटीसाठी आणून उभा केलेला सोंगाड्या? ते आज सातला कळायचं होतं. शेवटचा भाग, तोही एक तासाचा.

"खोटा आहे," गिरणीवाली म्हणाली. टीव्ही तिच्या घरचा, त्यामुळं तिचा शब्द जरा वजनदार. "पायात जोडा घालताना बघा. आधी डावा घालतो. बुडायच्या आधी उजवा घालायचा."

"बुडता बुडता वाचलेल्या माणसाला उजवा-डावा सुचतो होय?" माझी जाऊ म्हणाली. "खराच आहे तो. नजरेत कळतं."

"तुला बरं नजरेतलं कळतं!"

"मग! नवरा आहे मला."

सगळ्या हसल्या. जाऊ म्हणजे माझ्या चुलत दिराची बायको. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यांच्याकडं भांडं पडलं की आमच्याकडं वाजायचं. दीर वीज कंपनीत वायरमन होता. आमचं गाव धरून पाच गावं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. बोलायला कमी, कामाला चोख. त्यांना एक सहा वर्षांची पोर. जाऊ त्याच्या बरोबर उलट, बोलकी, हसरी, कशावरही पटकन जीव लावणारी.

दोन दिवस वारा सुटला होता. साधा नाही, खळ्यावरचं भूस उचलून डोळ्यांत भरणारा. तीनच्या सुमाराला गल्लीच्या कोपऱ्यावर फाटकन आवाज झाला, खांबावर निळा जाळ दिसला आणि गिरणीचा पट्टा फडफडत थांबला. मग आमच्यातली एक म्हणाली, "आता सातचं कसं व्हायचं?"

पीठ अर्धवट राहिलं होतं, पाण्याचा पंप बंद पडला होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

दीर आला तो साडेपाचला. दोन दिवस लांबच्या गावांत पडलेले खांब उभे करत होता. डोळे धुळीनं लालभडक, ओठ फुटलेले. तो मोटरसायकल लावतोय तोवर त्याच्या दारात वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळ्यांत पुढं गिरणीवाला. मास्तरही होते, निवृत्त झालेले. जरा बाजूला उभे, म्हणजे आपण मालिकेसाठी आलेलो नाही, असं दिसावं म्हणून. ते रोज गिरणीवाल्याच्या दाराशी वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसायचे आणि मी असली थेरं बघत नाही म्हणायचे. तासभरात पान मात्र एकदाही उलटायचे नाहीत.

दिरानं कोपऱ्यावर जाऊन वर बघितलं आणि परत आला. "जंपर तुटलाय," तो म्हणाला. म्हणजे खांबावर दोन तारांना जोडणारा तुकडा. "एकमेकांवर आपटून डीपीवरचे फ्यूजही उडालेत. सकाळी हेल्पर आला की करतो. या वाऱ्यात एकट्यानं चढणं बरं नाही."

"सकाळी कशाला? सकाळी काय करायचीय लाइट?" गिरणीवाला म्हणाला.

"आज शेवटचा आहे हो," कोणीतरी म्हणालं.

"अरे, दोन तारा तर जोडायच्या. एरवी चढतोसच की एकटा."

दीर घरात आला. मी तिथंच होते, चुलीपाशी. जावेनं त्याच्या हातात चहा दिला आणि त्याच्या पुढ्यात बसली.

"जा ना," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम तुमचं. साडेतीन वर्षं बघतीय मी. आजचंच तेवढं चुकवायचं का?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग जरासा हसला. "थोरलीपुढं माझं काय चालणार," म्हणाला. चहा अर्धाच ठेवून उठला, कमरेला पट्टा आवळला, कपाळाला बॅटरी बांधली आणि बाहेर आला.

"हे बघा," त्यानं गिरणीवाल्याला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी जाऊन डीपीवरचे फ्यूज काढतो आणि मग चढतो. मी खाली येईपर्यंत कोणी कशाला हात लावू नका."

"नाही लावत बाबा. तू हो पुढं."

डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, गावाबाहेर. तो जाऊन आला, शिडी लावली, वर चढून तारांना आधी टेस्टर लावून बघितला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लाइन मेलेली होती. मग त्यानं पट्टा खांबाभोवती टाकला आणि कामाला लागला. अंधार पडत चालला होता. आम्ही जागा धरायला गिरणीवाल्याच्या घरात गेलो.

चाळीसेक माणसं होती. कंदिलाच्या उजेडात सगळी काळ्या टीव्हीकडं तोंड करून बसली होती. पावणेसात झाले, सातला पाच कमी. गिरणीवाला दोनदा दारापर्यंत जाऊन आला. "अजून लटकलाय वर," म्हणाला. मग काही न सांगता मागच्या दारानं गेला.

सातला मिनिटभर असेल, आणि फक्‌कन दिवे लागले.

काय ओरडलो आम्ही! पोरांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ उभीच राहिली. "आली! माझ्या माणसानं आणली!" ती म्हणाली, तोंड नुसतं फुललं होतं. गिरणीवालीनं तिला हाताला धरून पुढं नेलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. "बस बाई, आज तुझा मान."

मास्तर खिडकीशी होते. ते म्हणाले, "पलीकडच्या गल्लीत अंधारच दिसतोय."

"गप बसा हो मास्तर. सुरू झालं."

आणि सुरू झालं. मी खोटं कशाला बोलू, मी सगळं विसरले. थोरली देवडीत उभी होती, तिचा दीर वकील घेऊन आला होता, सासू पहिल्यांदाच रडत होती. बाहेर वारा पत्रे आपटत होता, आत कोणी श्वास टाकत नव्हतं. पहिल्या जाहिराती लागल्या तेव्हा मला मागून डुगडुग ऐकू आलं. गिरणीवाला दारात हात पुसत उभा होता, डिझेलचा वास येत होता.

जावेनंही ऐकलं. "हा जनरेटर आहे होय?"

"हो," तो हसून म्हणाला. "तुझा माणूस लावतोय सावकाश. त्याला कशाला घाई करायची?"

जाऊ जरा ओशाळली. मघाशी मिरवलं ते फुकट गेलं. खुर्चीवरून अर्धवट उठली. "मग मी सांगून येते त्याला, आता राहू द्या म्हणावं, उतरा."

तेवढ्यात जाहिराती संपल्या. ती खाली बसली.

पुढं पाऊण तास आमच्यातलं कोणी उठलं नाही.

शेवट सांगते. मध्यरात्र, पाऊस. थोरली घरात एकटी. दारावर थाप पडते. ती कंदील घेऊन दार उघडते. तो उंबऱ्याबाहेर उभा असतो, भिजलेला. म्हणतो, "मी कोण आहे ते आता तूच सांग." ती कंदील वर उचलते, त्याच्या तोंडाकडं बघते, तिचे ओठ हलतात, आणि पडदा काळा. समाप्त.

आधी कोणाला कळलंच नाही. वाटलं, परत लाइट गेली. मग खालून नावं सरकायला लागली.

"हे काय?" गिरणीवाली किंचाळली. "एवढंच?"

"अरे, सांगा ना मेल्यांनो कोण ते!"

"साडेतीन वर्षं बसवलं आम्हाला, यासाठी?"

एकीनं टीव्हीवर उशी फेकून मारली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून आपटली. पोरं रडायला लागली, कारण मोठी माणसं ओरडत होती. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "ही शुद्ध फसवणूक आहे." जाऊ मात्र डोळे पुसत हसत होती. "ती 'हो' म्हणणार होती," ती प्रत्येकीला धरून सांगत होती. "ओठ बघितले नाहीत का? हो म्हणणारच होती ती." चांगली दहा मिनिटं आम्ही त्यावर तंडलो. तंडत तंडतच बाहेर आलो.

कोपऱ्यावर खांबाखाली उजेडाचं एक गोल पडलं होतं. दिराच्या कपाळाच्या बॅटरीचं. ते गोल रस्त्यावरून इकडं सरकायचं, पुन्हा तिकडं सरकायचं. मला वाटलं, खाली काही पडलंय, ते शोधतोय.

जाऊ त्या उजेडात जाऊन उभी राहिली आणि वर बघितलं. "झालं का?" तिनं विचारलं. मग वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्यानं, "अहो, झालं का?"

माझ्यामागून गिरणीवाला आला, त्यानं वर बघितलं आणि पळाला. खांबाकडं नाही. उलटा, घराकडं, मागच्या शेडकडं. डुगडुग थांबली, आमच्या पाठीमागं सगळं घर काळं झालं, आणि त्याच वेळी खांबावर आवळलेला दिराचा हात सुटून खाली लोंबायला लागला. तेव्हा मला समजलं.

चौघांनी त्याला उतरवला. पट्ट्यानं धरून ठेवला होता, म्हणून पडला नव्हता. दुसऱ्या मुठीत पक्कड होती, ती निघेना. जाऊ ओरडली नाही. ती त्याचे बूट सोडत बसली, जसं घरी आल्यावर सोडायची तसं. पोर माझ्या कडेवर होती. "काका कुठं चालले?" एवढंच विचारत होती, गिरणीवाल्याकडं बोट दाखवून. तो हातात पाना घेऊन शेडमधून बाहेर येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टरांनी तपासून परत दिल्यावर, त्याला माती दिली. माती देऊन आलो आणि संध्याकाळी गिरणीवाला घरोघरी फिरला. आमच्याकडंही आला. मान खाली घालून बसला. माझ्या नवऱ्यानं त्याला पाणी दिलं.

"वहिनी, मेनस्विच पाडायचं राहून गेलं," तो म्हणाला. "जनरेटर लावताना आधी मेनस्विच पाडायचं असतं, नाहीतर करंट उलटा खांबावर जातो. मला माहीत होतं. पण घाई झाली. मुद्दाम का कोणी करतं?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी आत गेलो तर गिरणी बंद होईल. आणि साहेब विचारणार, जनरेटर कशासाठी लावला? कोण कोण बसलं होतं? चाळीस नावं लिहावी लागतील. तुमचंही. त्यापेक्षा लाइट नव्हती, जनरेटर दोन महिने नादुरुस्त आहे, आम्ही सगळे अंधारात जेवून झोपलो. जाणारा तर गेलाच."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "तू तोंड उघडू नकोस." बस. असं ठरलं. जनरेटर रातोरात कुठंतरी हलवला, आणि गावानं थोरलीचा शेवटचा भाग बघितलाच नाही, असं झालं.

हसायला येईल, पण ते फार जड गेलं लोकांना. साडेतीन वर्षांचं पोटात साठलेलं, आणि बोलायची चोरी. पाणी भरताना दोघी डोक्याला डोकं लावून पुटपुटायच्या, "पण मग त्या डाव्या जोड्याचं काय?" आणि तिसरी आली की गप्प. लाइट तर नव्हतीच. चौकशी होईपर्यंत लाइनला हात लावायचा नाही, असा वरून हुकूम होता. सगळ्यांचे फोनही मेलेले. म्हणजे बाहेरून कळायचीही सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून दिराच्या कपड्यांचं गाठोडं आलं. जावेनं मला भिंतीवरून हाक मारली. गेले तर तिनं पुढ्यात चिनीमातीचे तीन फ्यूज मांडले होते.

"पँटच्या खिशात होते, अक्का," ती म्हणाली. "डीपीवरचे काढून खिशात टाकले होते त्यानं. चढताना नेहमी टाकायचा, म्हणजे मागून कोणी लावू नयेत. ऑफिसचा माणूस काय म्हणाला माहितीय? डीपीवरचे फ्यूज न काढताच चढला, निष्काळजी होता. उद्या साहेब येतोय. तसंच कागदावर लिहिणार."

मी फ्यूज हातात घेतले.

"तू सांगशील?"

"अगं, हे म्हणतात..." मी म्हणाले. तिनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि फ्यूज परत घेऊन रुमालात बांधले. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी शाळेच्या खोलीत चौकशी झाली. साहेब वयस्क होता, दमेकरी, दर दोन वाक्यांनी खोकणारा. शेजारी एक कारकून बाई लिहून घ्यायला. जावेनं रुमाल सोडून फ्यूज टेबलावर ठेवले. साहेबानं ते उलटसुलट करून बघितले.

"हे काढलेले असतील तर वरून करंट येणं शक्य नाही," तो म्हणाला. "मग एकच. कोणीतरी घरात जनरेटर लावला. कोणाचा चालू होता?"

"माझ्याकडं एक आहे साहेब," गिरणीवाला उभा राहून म्हणाला. "पण दोन महिने झाले, नादुरुस्त. भंगारात घातला."

साहेबानं एकेकाला विचारलं. त्या संध्याकाळी गावात कुठं लाइट दिसली? नाही साहेब. तुम्हाला? नाही. म्हाताऱ्यानं नाही म्हटलं, गिरणीवालीनं नाही म्हटलं. मास्तर म्हणाले, "मी वाचन करत होतो. कंदिलावर." माझ्यापाशी आला तेव्हा मी मान हलवली. नाही, अशी. जाऊ समोरच बसली होती.

साहेब खोकला. "मग हे फ्यूज दुसऱ्या लाइनचे असतील. दुसरा खुलासा नाही. नजरचुकीनं भलतेच काढले आणि लाइन चालूच राहिली, असं लिहावं लागेल."

"लाइट आली होती," जाऊ म्हणाली. "गिरणीवाल्याच्या घरात. सातला. मी तिथं बसून टीव्ही बघितला."

खोलीत चुळबुळ झाली. गिरणीवाला अगदी मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, चौथाच दिवस आहे. तिच्या मनाचं काही..."

"बाई," साहेब म्हणाला, "चाळीस माणसं नाही म्हणतायत."

"मी काय बघितलं ते सांगते. मग तुम्ही ठरवा." जाऊ उठून उभी राहिली. आवाज अगदी साधा, शेजारणीला सांगावं तसा. "शेवटचा भाग होता. थोरली दार उघडते. दुपारची वेळ, लख्ख ऊन. नवरा उभा. ती त्याला ओळखते, मिठी मारते. सासू दोघांना घरात घेते. सगळं गोड झालं. आम्ही सगळे आनंदानं रडलो."

मी चमकून तिच्याकडं बघितलं. खोलीत कोणी हललं नाही. पण मला दिसत होतं, एकेकाचा चेहरा कसा व्हायला लागला ते. पायाखाली काटा रुतल्यासारखा.

"मग तिचा दीर पाया पडला," जाऊ म्हणाली. "आणि पाळणा हलताना दाखवला."

"चूक," मास्तर म्हणाले.

त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. चौतीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर आली. "साफ चूक. मध्यरात्र होती. मिठीबिठी काही नाही. ती कंदील उचलते आणि तिथंच संपवलं."

"आणि पाऊस होता," मागून म्हातारा म्हणाला.

"पाळणा कुठला काढलास बाई?" गिरणीवालीला राहवलं नाही. "तिनं ओळखलं कुठं? ओळखलं असतं तर रडणं कशाचं होतं!"

"ओळखलं होतं, बोलली नाही एवढंच."

"बोलायला दिलंच नाही मेल्यांनी!"

"सोंगाड्याच होता तो. मी पहिल्यापासून सांगत होतो..."

चार दिवसांचं कोंडलेलं भसाभसा बाहेर आलं. एकमेकांकडं वळून, हात नाचवून, सगळी खोली बोलत होती. गिरणीवाला एकटा उभा होता, पांढरा फटक, हातानं गप्प बसा, गप्प बसा करत. त्याच्याकडं बघायला कोणाला वेळ नव्हता.

साहेबानं त्यांना बोलू दिलं. मग कारकून बाईला विचारलं, "या गावात लाइट कधीपासून नाही?"

"शनिवारी दुपारी तीनपासून."

"आजपर्यंत?"

"आजपर्यंत."

तो टेबलावर पुढं झुकला. "मग हे सगळं तुम्ही कशावर बघितलंत?"

इतकं गप्प झालं की बाहेर शाळेच्या आवारातली शेळी पाला ओरबाडत होती, ते ऐकू आलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मी उभी राहिले. माझा नवरा माझा हात ओढत होता, तरी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डिझेलचा वास, डुगडुग, मेनस्विच, घरी येऊन काय म्हणाला ते. फार उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

लिहून झाल्यावर जाऊ कारकून बाईजवळ गेली.

"आणखी लिहा," ती म्हणाली. "मीपण बघत होते. शेवटपर्यंत. जनरेटर आहे हे कळल्यावरही उठले नाही. आणि त्याला जा म्हणून मीच पाठवलं होतं. तेही लिहा."

"त्याची गरज नाही बाई," साहेब म्हणाला.

"असू दे. लिहा."

कारकून बाईनं साहेबाकडं बघितलं, आणि लिहिलं.

गिरणीवाल्याला त्याच दिवशी घेऊन गेले. गिरणीला कुलूप लागलं, त्यावर लाखेचा शिक्का. महिन्याभरानं कंपनीचा कागद आला. कर्मचाऱ्यानं सर्व खबरदारी घेतली होती, त्याचा दोष नाही. जावेनं मला तो दोनदा वाचायला लावला आणि पेटीत ठेवून दिला. मी तिला विचारलं, "मुद्दाम चुकीचं सांगितलंस ना?" ती म्हणाली, "मास्तरांनी मला चौथीपर्यंत शिकवलंय. चुकीचं उत्तर त्यांना कधी सोसलं नाही."

पण गावानं ते तिच्या नावावर मांडलं. गिरणी बंद म्हणजे दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला जायचं, जाऊन-येऊन सहा कोस. पायाला फोड आला की तिचं नाव निघायचं. पाण्यावर ती आली की बाकीच्या हंडे उचलायच्या. माझ्याशी थोडंफार बोलायच्या, कारण मला नवरा होता. मास्तर तर घराबाहेरच पडेनासे झाले. गिरणीवाली एकदा आमच्या दारावरून जाताना थांबली, काहीतरी म्हणणार असं वाटलं, मग तशीच पुढं गेली.

त्या दिवशी आम्ही सहाजणी दळणाला निघालो होतो. चौघी पुढं, दहा-बारा हात अंतर राखून. मागं मी आणि जाऊ. वारा नव्हता, धूळ जागच्या जागी तापत होती. दोन्ही बाजूंना मक्याची धाटं कापून टाकलेली, नुसते सड उरलेले. पायांचेच आवाज.

"अक्का," जाऊ एकदम म्हणाली, "तुला काय वाटतं? तो खरा होता का खोटा?"

मी थांबलेच. "कोण?"

"थोरलीचा."

"तुला अजून ते..."

"डोक्यातून जात नाही," ती म्हणाली. डोक्यावरचं ओझं तसंच, मान ताठ, नजर रस्त्यावर. "मिटले डोळे की तोच दिसतो. दारात उभा. मी पापणी लववली नाही त्या वेळी. दुसरं काही दिसतच नाही मला. दुसरं बघितलंच नाही ना."

आम्ही परत चालायला लागलो. पुढच्या चौघींची चाल मंदावलेली मला दिसली. त्यांनी ऐकलं होतं. मग त्यातली एक, मान न वळवता, म्हणाली, "खोटा होता. खरा असता तर विचारलं असतं का, मी कोण म्हणून?"

"अगं, आठवत नव्हतं त्याला," दुसरी म्हणाली.

"आठवत नव्हतं तर घर कसं सापडलं?"

"घर सापडतं बाई. पाय आणतात."

बोलता बोलता त्या थांबल्या आणि आम्ही त्यांच्यात मिसळलो. जावेचं ओझं एका अंगाला कललं होतं. एकीनं हात वर करून ते सरळ केलं आणि आपलं म्हणणं पुढं चालू ठेवलं. जावेच्या नवऱ्याबद्दल कोणी अक्षर काढलं नव्हतं, त्या दिवशीही काढलं नाही. थोरलीबद्दल मात्र सगळ्यांना बोलायचं होतं.

"तू सांग," ओझं सरळ करणारीनं जावेला विचारलं. "तू पहिल्यापासून खरा म्हणायचीस."

"खराच होता," जाऊ म्हणाली. "दमून आला होता बिचारा. उंबऱ्यातच कळायला हवं होतं तिला."

ऊन डोक्यावर आलं होतं आणि गिरणी अजून दीड कोस लांब होती.